कडा फ्रेममध्ये मावत नाही

कॅमेऱ्यासोबत आलेली 24-70 ची लेन्स वापरून झाली, हात बसला, आता डोंगरांच्या फोटोंसाठी दुसरी लेन्स घ्यायची, तर कोणती? सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधीतरी हा प्रश्न पडतो. बहुतेकांचं उत्तर तयारच असतं : वाइड अँगल. माझं मत तसं नाही. पण वाइडच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते कुणीतरी ठामपणे बोलायला हवं. म्हणून हा वाद मी एका भाचीच्या आणि तिच्या मामाच्या तोंडी घातला आहे. मामा फिल्मच्या काळापासून गडांवर फिरलेला. भाचीने स्वतःच्या पगारातून फुल फ्रेम कॅमेरा घेतलेला आणि पावसाळ्यात एकही शनिवार-रविवार घरी न काढणारी.

इथले आकडे फुल फ्रेमचे आहेत. ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी आहे त्यांनी ते दीडने भागावेत. त्यांना 16 च्या जागी 10-11 लागेल आणि 70-200 चं बहुतेक काम तीन-चारशे ग्रॅम वजनाची साधी 55-200 करून देईल. या बाबतीत लहान सेन्सरवाले सुखी आहेत.

भाची : मामा, माझं ठरलं. 16-35 घेतेय.

मामा : कशासाठी?

भाची : कोकणकड्यासाठी. हरिश्चंद्रगडावर गेले की दर वेळी तीच रड. 24 ला कड्याचं एक टोक घेतलं की दुसरं कापलं जातं. अख्खा कडा कधी मावतच नाही.

मामा : 16 ला मावेल. पण केवढा दिसेल? हिशेब सोपा आहे. तीन किलोमीटरवर तीनशे मीटर उंचीचा कातळ आहे असं धर. उंचीला अंतराने भाग आणि फोकल लेंथने गुण. 16 ला तो सेन्सरवर 1.6 मिलिमीटर उमटणार. सेन्सर 24 मिलिमीटर उंच. म्हणजे फ्रेमच्या पंधराव्या हिश्श्यात तुझा कातळ आणि बाकी सगळं आभाळ नाहीतर पायाजवळचं गवत. 200 ला तोच कातळ 20 मिलिमीटर भरतो. घरी आल्यावर सगळे म्हणतात ना, "तिथे केवढा मोठा वाटला होता, फोटोत काहीच वाटत नाही"? तो दोष कॅमेऱ्याचा नसतो. कमी फोकल लेंथला लांबचं सगळं तेवढंच उमटतं.

भाची : तू तीन किलोमीटरवरचा कातळ धरलास, सोयीचा. कोकणकडा तीन किलोमीटरवर नसतो, आपल्या पोटाखाली असतो. काठावर पालथं पडून बघतो आपण. मागे सरकलं तर कडाच दिसेनासा होतो आणि पुढे दरी. पाय जिथे बांधले गेले तिथे काय दिसायचं ते फोकल लेंथच ठरवणार. 24 ला आडवा कोन 74 अंशांचा, 16 ला 97 अंशांचा. कडा अंतर्वक्र आहे, दोन्ही हात पुढे येतात त्याचे. ते दोन्ही हात एका फ्रेममध्ये आले नाहीत, तर तो आत वळलाय हे बघणाऱ्याला कळणार कसं?

मामा : हे मान्य. कोकणकड्याच्या काठावर वाइडला पर्याय नाही. सांदण दरीतही नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती हाताला लागतात तिथे माझी 70-200 पिशवीतच पडून राहते. पण अशा जागा किती? रतनगडाच्या नेढ्यात बसून अलंग-मदन-कुलंग बघतेस तेव्हा काय बघतेस?

भाची : सगळंच.

मामा : नाही. तू एका वेळी एकच काहीतरी बघतेस. मदनचा सुळका बघतेस, मग त्याच्या आणि अलंगच्या मधली खिंड, मग कुलंगच्या माथ्यावर अडकलेला ढग. डोळा सारखा निवडत असतो. वाइड निवडत नाही, ती सगळं घेते.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. मामाचं म्हणणं सह्याद्रीला जास्त लागू पडतं आणि त्याचं कारण या डोंगरांच्या घडणीत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा बेसाल्ट झाला. म्हणून आपल्या डोंगरांना आडव्या पायऱ्या आहेत : कातळाची एक उभी पट्टी, मग हिरवा उतार, पुन्हा पट्टी. हिमालयासारखी टोकदार शिखरं इथे कमी. कळसूबाई राज्यात सर्वांत उंच, तीही 1646 मीटरच. या डोंगरांचं रूप त्यांच्या थरांमध्ये आणि एकामागे एक लागलेल्या रांगांमध्ये आहे. 24 किंवा 16 ला हे थर एका बारीक रेघेत मिटून जातात. दीडशे-दोनशेला ते उलगडतात. ज्याला सह्याद्री कसा घडला हे फोटोत दाखवायचं आहे, त्याला लांबची लेन्स लागतेच. हे मी फार ठामपणे म्हणतो.

भाची मात्र एवढ्यावर ऐकणारी नाही.

भाची : निळ्या रांगा, एकीपेक्षा दुसरी फिकी. मामा, हा फोटो आता इतका झालाय की कुठल्या गडावरून काढला हेसुद्धा सांगता येत नाही. तोरण्यावरून काढला काय आणि साल्हेरवरून काढला काय. टेलीने जागाच पुसली जाते. वाइडमध्ये निदान पायाखालचा दगड दिसतो, कारवी दिसते, तटबंदीचा चिरा दिसतो. आपण तिथे होतो हे कळतं.

मामा : हे चांगलं बोललीस. माझ्या शंभर फोटोंपैकी पन्नास तसलेच असतील. पण दोष निवडीचा आहे, लेन्सचा नाही. आणि एक गोष्ट डोक्यातून काढ. लांबची लेन्स डोंगरांना एकमेकांजवळ ओढते असं सगळे म्हणतात. तसं काही नसतं. तू उभी कुठे आहेस यावरच ते ठरतं. एकाच जागेवरून 24 ला फोटो घे, त्याचा मधला भाग कापून मोठा कर आणि 96 ला काढलेल्या फोटोशेजारी ठेव. डोंगरांचं एकमेकांशी नातं दोन्हींत सारखंच दिसेल.

भाची : मग कापूनच घेते की! लेन्सचे पैसे वाचले.

मामा : चौपट मोठं करायचं म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही चौपट, क्षेत्र सोळापट. 24 मेगापिक्सेलमधले दीड उरतात. मोबाइलवर चालेल, भिंतीवर नाही. आता हेच उलट बाजूने बघ. वाइड तर तुझ्या खिशातच आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा 24-26 च्या आसपास असतो आणि बऱ्याच मोबाइलमध्ये शेजारी आणखी एक असतो, 13 च्या जवळपासचा. हजारो रुपये घालून तू जो कोन विकत घेणार, तो तुझ्याकडे आहे. नाही ती चांगली लांबची लेन्स.

भाची : मोबाइलचा तो 13 वाला पहाटे सव्वापाचला काय देतो ते पाहिलंयस का? सगळा चिखल. आणि कोन तेवढाच असला तरी छपाई तेवढी होत नाही. तूच आत्ता भिंतीवरच्या फोटोचं बोललास.

हा मुद्दा भाचीचाच. उजेड भरपूर असेल तर मोबाइल पुरतो. पण डोंगरातला चांगला उजेड नेमका कमी असतानाच येतो.

भाची : आणि इंद्रवज्र? कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात हरिश्चंद्रगडावर नोंदलेलं. ते समोर आलं आणि माझ्याकडे वाइड नसली तर?

मामा : तर काहीच बिघडणार नाही. सकाळचं ऊन पाठीवर, खाली कोकणात ढग, ढगावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांची कडी. ती कडी डोळ्याला मोठी वाटते, पण कोनात मोजलीस तर 5 ते 20 अंशांच्या आतबाहेर. 70 ला आडवा कोन 29 अंशांचा. तुझ्या आत्ताच्याच लेन्सचं पुढचं टोक पुरतं. 16 ने काढलंस तर ढगांच्या मैदानावर एक रंगीत ठिपका दिसेल.

भाची : आणि साधं इंद्रधनुष्य?

मामा : तिथे तुझी वाइड हवी. त्याची त्रिज्या 42 अंशांची. सूर्य क्षितिजाला टेकला असताना पूर्ण कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 84 अंश जागा घेते. 20 ला आडवा कोन बरोबर 84 अंशांचा. 24 ला एक पाय कापला जाणार. आणि दरीच्या काठावरून पूर्ण गोल दिसला तर 16 लाही उभ्या दिशेने तो मावत नाही.

भाची : म्हणजे 14 घ्यावी?

मामा : तरीही नाही. 14 ला उभा कोन 81 अंशांचा आहे. शिवाय तसल्या बऱ्याच लेन्सची पुढची काच फुगीर असते, तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही. आणि पावसाळ्यात मला एकच गोष्ट सोबत न्यायची मुभा दिलीस तर मी लेन्स नेणार नाही, पोलरायझर नेईन.

पोलरायझरबद्दल मामाशी मी पूर्ण सहमत आहे. ओला कातळ आणि ओली पानं आभाळाचा पांढरा उजेड परत फेकतात, त्यामुळे पावसाळ्यातला हिरवा रंग फोटोत राखट दिसतो. फिल्टर फिरवला की ती चमक उतरते आणि खालचा रंग वर येतो. नंतर संगणकावर हे नीट साधता येत नाही. मात्र ऑक्टोबरच्या निळ्या आभाळाखाली 16 वर पोलरायझर लावू नये. सूर्यापासून 90 अंशांवर आभाळ सर्वांत गडद होतं आणि एवढ्या रुंद कोनात गडद नि फिकं दोन्ही एकाच फोटोत येतं. आभाळाच्या मध्यावर डाग पडल्यासारखं दिसतं.

मग भाचीने पठाराचा विषय काढला आणि वाद तापला.

भाची : आता कास. फुलं पायाशी आणि लांबवर ढग. हे वाइडशिवाय करून दाखव. 16 ला एफ 8 ठेवायचं, सव्वातीन-साडेतीन फुटांवर फोकस करायचा, की पावणेदोन-दोन फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ. तुझ्या 200 ला एफ 8 वर हेच करायचं तर फोकस 167 मीटरवर आणि स्वच्छ भाग सुरू होणार 83 मीटरपासून. 83 मीटरवरचं गेंदाचं फूल दाखव मला.

मामा : तुझं गणित बरोबर आहे. पण कासच्या सड्यावर दोन फुटांवरून फोटो काढायचा म्हणजे काय करायचं हे तुला माहीत आहे. वाइडमध्ये फूल मोठं दिसायला हवं तर लेन्स त्याच्या तोंडाशी न्यावी लागते. म्हणजे गुडघे टेकायचे, कोपरं टेकायची, आडवं व्हायचं. ज्या एका सीतेच्या आसवांच्या फुलाचा फोटो काढतेस त्याच्या आजूबाजूची पन्नास तुझ्या अंगाखाली. कातळावर बोटभर माती आहे तिथे, तेवढ्यावरच ही सगळी झाडं जगतात. म्हणून तर तिथे ठरलेल्या वाटा आणि माणसांच्या संख्येवर बंधन आलं. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात हे पठार गेलं, ते आपण त्याच्यावर लोळावं म्हणून नाही.

भाची : मी कधीच वाट सोडत नाही.

मामा : तू सोडत नसशील. तुझा फोटो बघून दुसरा सोडेल. मी वाटेवर उभा राहतो, कॅमेरा गुडघ्याइतका खाली घेतो आणि 150-200 ने पठाराकडे बघतो. फुलांचे ताटवे एकावर एक येतात, तेरड्याचा गुलाबी, त्यामागे मिकी माऊसचा पिवळा. सगळं स्वच्छ नसतं. नसू दे.

भाची : वाटेच्या कडेलाही फुलं असतात, मामा. वाटेवरच बसून हात लांब करून, स्क्रीन वळवून काढता येतो फोटो. लेन्स वाइड आहे म्हणून माणूस बेजबाबदार होतो असं नाही.

दोघंही खरं बोलत आहेत, पण मी इथे मामाकडे झुकतो. वाइड लेन्स जवळ जायला लावते. पठारावरच्या फुलांसाठी ही मागणी जड आहे. एका फोटोची नक्कल शेकडो जण करतात हे आता सगळ्यांनी पाहिलं आहे. सप्टेंबरमध्ये कासला जाणाऱ्याने लांबची लेन्स न्यावी आणि वाटेवर राहावं, असं मी कुणालाही सांगेन.

भाची : बरं, सप्टेंबर तुझा. जून-जुलै कुणाचा? धुक्यात वीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. तुझी 70-200 काय बघणार तेव्हा? मला तर तेव्हाच डोंगर सर्वांत जास्त आवडतो. बुरुजावरचं शेवाळ, धुक्यात उभं एक उंबराचं झाड, पायरीवरून वाहणारं पाणी. सगळं हाताच्या अंतरावर.

मामा : जून-जुलै तुझा. वाद नाही.

मला वाटतं, लेन्सच्या निवडीत ऋतू ही गोष्ट कुणी पुरेशी लक्षात घेत नाही. परदेशी पुस्तकं वाचून आपण लेन्स ठरवतो, पण तिथल्या लेखकासमोर असा महाराष्ट्राचा पावसाळा नसतो. आपल्याकडे नजर किती लांब पोचते हे दर महिन्याला बदलतं. भर पावसात काही मीटर, तेव्हा 24 किंवा त्याहून कमी. परतीचा पाऊस आटोपला की हवा धुतल्यासारखी होते, दसरा-दिवाळीच्या दिवसांत एका गडावरून चार गड दिसतात, तेव्हा 100-200. फाल्गुनापासून धूळ आणि वणव्यांचा धूर, तेव्हा दुपारची लांबची लेन्स जवळजवळ निरुपयोगी. तापलेल्या हवेच्या लहरींनी कडा थरथरतात आणि कितीही महाग काच असली तरी त्यावर इलाज नाही. पहाटे मात्र त्याच धुळीतून रांगा वेगळ्या निघतात.

पावसात आणखी एक अडचण असते, ती दुकानात कळत नाही. वाइडचं हूड उथळ असतं, नाहीतर ते स्वतःच फोटोत येईल. त्यामुळे थेंब सरळ काचेवर. आणि एफ 11-16 वर तो थेंब फोटोत डाग होऊन उमटतो. लांब लेन्सचं हूड खोल असतं, काच आत सुरक्षित राहते. पावसात वाइड वापरायची तर खिशात दोन-तीन कोरडी कापडं हवीतच.

मामा : ॲन्सेल ॲडम्स घे. 1932 मध्ये मित्रांबरोबर एफ 64 गट काढणारा माणूस. लँडस्केप म्हटलं की सगळे त्याचंच नाव घेतात आणि वाइड लेन्स घ्यायला निघतात. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझवर उगवलेल्या चंद्राचा त्याचा 1941 चा फोटो त्याने 8 बाय 10 इंचाच्या फिल्मवर काढला, 23 इंची लेन्सने. आपल्या फुल फ्रेमच्या भाषेत ते 80 च्या थोडं आत येतं. 1960 मधला चंद्र आणि हाफ डोम, तो हॅसलब्लाडवर 250 ने. आपल्याकडे ते 135 च्या जवळ.

भाची : चंद्र आहे ना त्यात! चंद्र असला की लांबची लेन्स लागणारच. सेन्सरवर चंद्राचा आकार फोकल लेंथच्या शंभराव्या भागाहून थोडा कमी असतो. 16 ला तो दिसणारच नाही. आणि हर्नांडेझला रस्त्याकडेला गाडी थांबवून फोटो काढला त्याने. हरिहरच्या पायऱ्या चढून नाही. तुझी ती एफ 2.8 ची 70-200 दीड किलो आहे, पाठीवर घेऊन चढ एकदा.

मामा : एफ 2.8 घे असं कोण म्हणतंय? डोंगर आपण एफ 8 लाच काढतो. एफ 4 ची घे, साधारण निम्मं वजन. तीही वापरलेली.

भाची : आणि रुंद दृश्य हवंच असेल तेव्हा?

मामा : 50 ला कॅमेरा उभा धर आणि पाच फोटो शेजारी शेजारी घे, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ दे. उभ्या फ्रेमची रुंदी 27 अंशांची, पुढचे चार प्रत्येकी 18 ची भर घालतात. 99 अंश झाले, तुझ्या 16 पेक्षा जरा जास्तच. आणि पिक्सेल कितीतरी पट.

भाची : ढग थांबतात का तोवर? कारवीची पानं? पायाजवळचा दगड पाचही फोटोंत एकाच जागी बसतो?

मामा : नाही बसत. जवळचं काही असलं तर जोडणी फसते. लांबच्यासाठीच चालतं ते.

प्राइम लेन्सचा विचार दोघांनीही केला आणि लगेच सोडला. पुढे-मागे सरकून फ्रेम जुळवायची म्हणतात, पण माचीच्या टोकावर सरकायला जागा नसते. तिथे झूमच बरी.

शेवटी मामाने तिला एक काम दिलं. नवीन काही घेण्याआधी जुने फोटो फोकल लेंथनुसार लावून बघायचे. आणि नुसते मोजायचे नाहीत, त्यातले कापलेले वेगळे काढायचे. आपण जे कापतो ते आपल्याला काढायचंच नव्हतं. 70 ला काढून निम्म्याहून जास्त कापलेले फोटो पुष्कळ निघाले, तर लांबची लेन्स कमी पडते आहे. 24 चे फोटो कडेला काही राहून गेल्यासारखे वाटत असतील, तर वाइड. दुकानातल्या सल्ल्यापेक्षा हा हिशेब भरवशाचा आहे.

भाची : बघितले. 70 चे कापलेले जास्त आहेत. हरिश्चंद्रगडाचेसुद्धा.

मामा : मग?

भाची : वापरलेली 70-200 एफ 4 घेते. पण कोकणकड्याचं मी सोडलेलं नाही. ऑगस्टमध्ये 16-35 भाड्याने घेऊन जाणार, चार दिवस. आणि ती घेऊन आले की तू माझ्याबरोबर काठावर पालथा पडायचंस.

मामा : पडेन. वापरलेली घेताना मागून टॉर्च मारून काच बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. बुरशी आहे ती, पावसाळ्यानंतर वाढतच जाते. तुझ्याकडेही ती लेन्स कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेव. काटा 40 ते 50 च्या मध्ये राहिला पाहिजे.

भाची : आणि सांदणला?

मामा : सांदणला मोबाइल.

भाची : अजिबात नाही. सांदणसाठी पुन्हा 16-35 भाड्याने.